वय मुलाचं धरायचं, आईचं नाही

रस्ते अपघातात गेलेल्या मुलाचं तेरावं उरकलं की घरी येणाऱ्यांत दोन माणसं हमखास असतात. एक म्हणतो, "पोरगं गेलं, आता कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता?" दुसरा वकीलपत्र पुढे करून सही मागतो. पहिल्याला कायदा ठाऊक नसतो, दुसऱ्याला जरा जास्तच ठाऊक असतो. मधे अडकलेले आईवडील मग ऐकीव गोष्टींवर निर्णय घेतात.

सगळ्यांत घट्ट बसलेली समजूत म्हणजे, ड्रायव्हरला शिक्षा झाली तरच पैसे मिळतात. प्रत्यक्षात या दोन वाटा वेगळ्या आहेत. पोलिस केस भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली चालते आणि तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे चालतो. तिथे पुराव्याचं पारडं कुणाकडे झुकतं एवढंच पाहतात. ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट आणि समोरच्या गाडीची पॉलिसी हे कागद मात्र पहिल्या दिवसापासून जपावे लागतात.

"मुलगा तिशीचा, लग्न झालेला. आता जे काही ते सुनेचं," हेही सर्रास ऐकू येतं. इथे वारसा आणि भरपाई यांची गल्लत होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गातले. म्हणजे मुलाच्या फ्लॅटमध्ये पत्नी, मुलं आणि आई यांना वाटा मिळतो, वडिलांना नाही. अपघाताच्या दाव्यात मात्र वडीलही अर्जदार होऊ शकतात. फक्त एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार, उलट पुरावा नसेल तर वडिलांचं स्वतःचं उत्पन्न असावं असं धरलं जातं आणि आईला अवलंबित मानतात. म्हणून मुलगा दरमहा बापाच्या खात्यात पैसे टाकत असेल, त्याच्या औषधांची बिलं भरत असेल, तर ते बँक पासबुक आणि त्या पावत्या लाख मोलाच्या.

आता आकडेमोड. अविवाहित मुलाच्या दाव्यात आईवडिलांचं सर्वाधिक नुकसान होतं ते इथेच. समजा मुलगा २६ वर्षांचा, चाकणच्या कारखान्यात कायम नोकरीला, पगार ३०,००० रुपये. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात निम्मी भर घालायची, म्हणजे ४५,०००. तो एकटा असल्याने निम्मे स्वतःवर खर्च करत होता असं धरून उरले २२,५००. वर्षाचे झाले २,७०,०००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. मुलाच्या वयाचा गुणक १७, तर पंचावन्न वर्षांच्या आईच्या वयाचा ११. पहिला हिशेब ४५,९०,००० वर जातो, दुसरा २९,७०,००० वर थांबतो. फरक सोळा लाख वीस हजारांचा.

एकेकाळी अविवाहितांच्या दाव्यांत पालकांचं वय धरलं जायचंही, म्हणून आईच्या वयाचा गुणक लावायचा ही समजूत अगदीच हवेतली नव्हे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मात्र स्पष्ट केलं की गुणक मृताच्या वयावरून ठरतो. नोकरी कायम नसेल किंवा मुलगा स्वतःचा धंदा करत असेल, तर चाळिशीच्या आत भर ४० टक्के. अंत्यविधीचा खर्च वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या. अपत्य गमावल्याबद्दलही रक्कम मिळते. २०१८ च्या एका निकालात ती प्रत्येकी ४०,००० धरली गेली.

एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापली जाते का? नाही. एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी वजावट नाकारली. मुलाने हप्ते भरून काढलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या पदरात का पडावा?

धडक देणारा पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तरी हात हलवत परतायचं कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात, पूर्वी ते पंचवीस हजार होते. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. गाडी मुलगाच चालवत होता आणि चूकही त्याचीच, असं असेल तर कलम १६६ चा दावा टिकत नाही. तेव्हा त्याच्या गाडीच्या पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर पीए कव्हर', म्हणजे गाडीमालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, अशी ओळ शोधावी. गाडी त्याच्या नावावर, लायसन्स चालू आणि हे कव्हर घेतलेलं असेल, तर पंधरा लाख त्या ओळीत असतात. ती ओळ बहुतेक घरांत कुणी वाचतच नाही.

अपघात बंगळूरजवळ झाला म्हणून तिकडेच खेटे घालावे लागतात असंही नाही. आईवडील साताऱ्यात राहत असतील तर दावा साताऱ्यात दाखल होतो. कायद्यात २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर वर्षश्राद्धाची वाट पाहू नये.

पुढे कधीतरी लोकअदालतीची तारीख लागते आणि विमा कंपनीचा वकील एक आकडा सांगतो. तडजोडीवर सही झाली की अपील नसतं. तो आकडा १७ ने गुणून आलाय की ११ ने, हे सहीआधी आपल्या वकिलाला विचारायला फार तर दोन मिनिटं लागतात.