उंच गोदाम, अरुंद गल्ली आणि कर्जाचा हप्ता

दि. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि देशातील गोदामांचा नकाशा पालटू लागला. तत्पूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर वाचविण्यासाठी अनेक कंपन्या राज्याराज्यांत स्वतंत्र गोदामे राखीत असत. ते कारण संपले. लहान गोदामांच्या जागी मोठी गोदामे आली आणि त्यांच्यापाठोपाठ यंत्रेही आली. मुदत कर्जाच्या प्रस्तावांत ‘स्वयंचलित साठवणूक प्रणाली’ हा शब्दप्रयोग आता नवखा राहिलेला नाही.

ही प्रणाली म्हणजे एका अर्थी मालाचे एटीएम होय. उंच रॅकच्या दोन रांगांमधील गल्लीत रुळावरून एक खांबासारखी क्रेन धावते. तिच्यावरील पाळणा वर-खाली सरकतो आणि काटे आडवे बाहेर येऊन पॅलेट उचलतात अथवा ठेवतात. कोणता माल कोणत्या खणात आहे, हे संगणक बारकोडवरून लक्षात ठेवतो. कल्पना तशी जुनीच. जर्मनीतील ग्युटर्सलो येथे बेर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेसाठी १९६२ साली असे उंच गोदाम उभे राहिले होते, तेही पुस्तके ठेवण्यासाठी!

लाभ मुख्यतः जागेचा. साध्या फोर्कलिफ्टला वळण्यासाठी तीन-साडेतीन मीटर रुंद गल्ली लागते. क्रेनला वळावेच लागत नसल्याने पॅलेटच्या रुंदीहून थोडी अधिक गल्ली पुरते, आणि उंची तीस मीटरच्याही पुढे नेता येते. जमीन महाग असेल तेथे हा हिशेब चटकन जमतो. जमीन स्वस्त असेल तेथे तो जमेलच असे नाही, आणि नेमके हेच प्रकल्प अहवालात क्वचित लिहिलेले असते.

इंदूर येथे कार्यरत असताना औषधांच्या एका घाऊक वितरकाचा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. साठवण २,००० पॅलेटची. रोजची आवक ६० आणि जावक ६०. एक क्रेन ताशी साधारण २० ते ३० वेळा एक पॅलेट ठेवून दुसरे आणू शकते. आठ तासांच्या पाळीत त्यांची गरज मात्र ताशी सात-आठ फेऱ्यांचीच होती. म्हणजे क्रेन निम्म्याहून अधिक वेळ उभी राहणार आणि हप्ता मात्र पूर्ण वेळ चालणार. शिवाय एकच क्रेन असल्यास ती बिघडताच त्या गल्लीतील सारा माल अडकतो. औषधांच्या व्यापारात हे परवडणारे नव्हे. दोन क्रेन घ्याव्यात, तर खर्च वाढून काम तेवढेच.

बँकेच्या दृष्टीने आणखी एक अडचण असते. अशी यंत्रणा विशिष्ट इमारतीच्या मापाने घडविलेली असते. कर्ज थकल्यास फोर्कलिफ्टला गिऱ्हाईक मिळते, क्रेनला सहजी मिळत नाही. काही ठिकाणी तर छप्पर आणि भिंती रॅकच्याच आधाराने उभ्या असतात. मग रॅक ही नजरगहाण ठेवावयाची जंगम मालमत्ता मानावी की इमारतीचा भाग? हा प्रश्न कर्जमंजुरीपूर्वीच कायदा सल्लागारांपुढे ठेवलेला बरा. विम्याचेही तसेच. इंग्लंडमधील अँडोव्हर येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये ओकाडो कंपनीचे यंत्रमानवांवर चालणारे गोदाम आगीत नष्ट झाले. ठिणगी एका यंत्रमानवाच्या बॅटरी चार्ज होण्याच्या जागी पडली होती. दाटीवाटीने माल रचलेल्या ठिकाणी आग विझविणाऱ्यास आत शिरणेही कठीण जाते.

जमिनीकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. अरुंद गल्लीत चालणाऱ्या उंच ट्रकच्या दोन चाकांत १.२ मीटर अंतर असेल आणि फरशीत केवळ ३ मिलिमीटरचा उंचसखलपणा असेल, तर १२ मीटर उंचीवर काटा ३० मिलिमीटर कलतो. जुन्या गोदामाची फरशी नव्याने करण्याचा खर्च म्हणूनच प्रस्तावात आधी धरावा.

आमच्या त्या ग्राहकांनी अखेर साधे रॅक, दोन रीच ट्रक आणि बारकोडवर आधारित संगणकप्रणाली एवढ्यासाठीच कर्ज घेतले. मुदत संपत आलेले औषध आधी बाहेर जावे, ही त्यांची खरी निकड होती, आणि ती संगणकप्रणालीनेच भागली. क्रेनसाठी छताची उंची मात्र त्यांनी राखून ठेवली आहे.