कॉम्प्युटर : तयार घ्यायचा की जोडून?

कापसाचे पैसे हातात आले किंवा दहावीचा निकाल लागला, की घरात एक विषय हमखास निघतो. "आता एक कॉम्प्युटर घेऊ या!" इथवर सगळ्यांचं एकमत असतं. भांडण पुढे सुरू होतं. बाबा म्हणतात, "कंपनीचा तयार घेऊ, कटकट नको." दादा म्हणतो, "सुटे भाग आणून जोडून घेऊ, स्वस्तात पडेल." मग खरं कुणाचं?

गंमत म्हणजे दोघांचंही! पण कुणाचं कधी, ते समजून घ्यायला हवं.

जोडणी आली कुठून?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पीसी' बाजारात आणला. त्यातला प्रोसेसर इंटेलचा होता आणि इतरही बरेच भाग बाहेरून घेतलेले होते. रचना खुली असल्यामुळे बाकीच्या कंपन्याही त्यात बसतील असे भाग बनवू लागल्या. म्हणूनच आज एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम आणि तिसऱ्याचं कॅबिनेट एकत्र नांदतात.

आपल्या देशालाही एकदा हाच प्रश्न पडला होता, बरं का! १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे नावाचा महासंगणक हवा होता. हवा होता तसा शक्तिशाली मिळाला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने बाजारात मिळणाऱ्या चिपा घेतल्या, त्या कौशल्याने एकमेकींना जोडल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. चिपा विकतच्या, पण जोडणीची अक्कल आपली!

पैशांचं गणित

जाहिरातीतली किंमत बघून लगेच उड्या मारू नका. ती पुष्कळदा नुसत्या डब्याची असते. समजा, घरात ३०,००० रुपये आहेत. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यांना ११,००० लागले, तर डब्यासाठी उरले १९,०००. यूपीएस 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि लिहिता लिहिता ती गेली तर तुमचा निबंधही गेला! दुकानात जायच्या आधी घराचं अर्थिंग नीट आहे ना, तेही तपासून घ्या.

या १९,००० मध्ये कंपनीचा तयार डबा घेतला, तर सगळ्याची मिळून एकच वॉरंटी मिळते. भाग एकमेकांना जुळतील की नाही, ही चिंता उरत नाही. पण असे काही छोटे डबे खास मापाच्या मदरबोर्डचे आणि एसएमपीएसचे असतात. वॉरंटी संपल्यावर तो भाग गेला, तर साध्या दुकानात तसाच दुसरा मिळणं मुश्कील.

जोडून घेतलेल्या, म्हणजे असेंबल्ड कॉम्प्युटरची वॉरंटी भागागणिक वेगळी असते. पण बिघडलेला भाग तेवढाच काढून पिशवीत घालून नेता येतो. शिवाय आज ८ जीबी रॅमची एकच पट्टी घालून दुसरी खाच रिकामी ठेवली, तर पुढच्या वर्षी दुसरी पट्टी बसवता येते.

फसगत इथे होते

* इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. तो स्वस्त म्हणून घेतला, की वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं.
* डीडीआर-४ ची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. आधी बोर्ड बघा, मग रॅम घ्या.
* एसएमपीएसमध्ये काटकसर नको. तो खराब निघाला तर स्वतःबरोबर दुसऱ्या भागांनाही घेऊन जातो.
* कच्ची चिठ्ठी नको, जीएसटीचं पक्कं बिल हवं. बिल नसेल तर वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर?

तिसरी वाटही आहे

ऑफिसात वापरलेले, दुरुस्त करून विकायला ठेवलेले कॉम्प्युटरही मिळतात. अभ्यासाला ते पुरेसे ठरतात. मात्र विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ हवं असेल, तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. मशीन त्याहून जुनं असेल, तर लिनक्स फुकट आहे. सी-डॅकच्याच 'बॉस लिनक्स'मध्ये मराठीचीही सोय आहे.

मग इस्लापुरात काय करावं?

पुण्या-मुंबईच्या पोराला भाग बदलायला तासाभरात दुकान गाठता येतं. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळच्या इस्लापूरकराला त्यासाठी नांदेड गाठावं लागतं. जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो, घरच्यांची मजुरी बुडते आणि गाडीभाडं वेगळंच. म्हणून किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारा : बिघडला तर कोण बघणार?

कंपनीचा घेणार असाल, तर 'घरी येऊन दुरुस्ती' ही सोय आपल्या गावाच्या पिनकोडला मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. 'होईल हो, काळजी नको' हे काही उत्तर नव्हे! उत्तर 'हो' असेल आणि घरात कुणालाच यातलं कळत नसेल, तर बाबांचं खरं. उत्तर 'नाही' असेल आणि गावात किंवा किनवटला भरवशाचा जाणकार असेल, तर दादाचं खरं. दुकानदाराकडूनच जोडून घ्या, पण समोर उभं राहून. कुठला भाग कुठे बसतो ते वहीत काढून ठेवा. पुढे रॅम बदलायची वेळ आली, तर ते काम तुम्हीच कराल!

फक्त दोन नियम पाळा. डबा उघडताना वायर भिंतीतून काढलेली हवी आणि शेजारी मोठं माणूस हवं. आणि एसएमपीएस स्वतः कधीच उघडायचा नाही. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला असतो.

आता या रविवारी एक काम करा. आई-बाबांना घेऊन बसा आणि कागदावर दोन रकाने आखा : 'तयार' आणि 'जोडून'. किंमत, वॉरंटी, दुरुस्ती आणि पुढची वाढ, या चार ओळी भरा. दोन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारा, कारण रॅमचे भाव सारखे वर-खाली होतात. कागद भरत आला, की घरातलं भांडण आपोआप मिटेल!