'सौभद्रा'तील राक्षस
आदिपर्वातील अर्जुन रैवतकाच्या उत्सवानंतर सुभद्रेचे हरण करतो, ते क्षात्रबळाने, रथात घालून. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत सौभद्रा'त मात्र निद्रिस्त सुभद्रेला घटोत्कच उचलून नेतो. भीमाचा हा मायावी पुत्र येथे भय उत्पन्न करण्यासाठी नसून काकांचे लग्न जुळविण्यासाठी योजिला आहे! दुर्योधनाला बहीण देऊ पाहणारा बलराम, सारे जाणून अजाण राहणारा कृष्ण आणि कपटसंन्यासी अर्जुन यांच्यामुळे द्वारकेचा राजवाडा मराठी लग्नघरच होऊन जातो. पांडवांचे इंद्रप्रस्थ जेथे होते असे मानतात, त्या दिल्लीतील अभ्यासकास हे महाभारताचे अवमूल्यन वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळेच प्रेक्षक राक्षसाला भीत नाही, आणि कृष्णाच्या खोडसाळपणात मनमोकळा सामील होतो.