शंका एक, दिशा दोन

कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून हॉस्टेलवर इंग्लिशचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. प्लेसमेंटच्या दिवसांत तर रांगच लागते. जांबे गावातून हिंजवडीच्या कंपन्या अगदी जवळ, त्यामुळे प्रत्येकीला 'प्रोफेशनल' ई-मेल लिहायची घाई! आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'डाऊट' या शब्दाचा.

मंडळी, हे वाक्य बघा : 'आय डाऊट द बेअरिंग इज लूज.' आपल्यातले बरेच जण 'बेअरिंग ढिलं झालं असावं अशी शंका आहे' या अर्थानं असं लिहितात. इंग्लिश वाचणारा मात्र नेमकं उलटं समजतो : बेअरिंग ढिलं असेल असं काही वाटत नाही. मग तो बेअरिंगला हात न लावता बाकीचं मशीन खोलत बसणार! इथे हवं होतं 'आय सस्पेक्ट'. तसं असावं असं वाटलं की 'सस्पेक्ट', तसं नसावं असं वाटलं की 'डाऊट'.

हा घोळ आपल्या 'शंके'मुळे होतो. 'त्यानं कॉपी केली असावी अशी शंका आहे' आणि 'तो पास होईल की नाही शंकाच आहे', शब्द एकच, पण कल विरुद्ध. वर तिसरी शंका म्हणजे वर्गात हात वर करून विचारतो ती. 'सर, आय हॅव अ डाऊट' आलं ते तिथूनच. आपल्याकडे ते खपतं, पण परदेशी माणसाला वाटेल, ही माझ्या बोलण्यावरच अविश्वास दाखवतेय. त्याच्यासमोर सरळ 'क्वेश्चन' म्हणावं.

माझी युक्ती सोपी आहे. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. त्यात 'असावं' आलं तर सस्पेक्ट, 'की नाही' आलं तर डाऊट.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळात इंग्रजसुद्धा 'डाऊट' आपल्यासारखाच वापरायचे आणि स्कॉटलंडमध्ये तो अर्थ अजून टिकून आहे. पण इंटरव्ह्यू घेणारा स्कॉटिश निघणं जरा 'अनलाइकली'च!

आता अनलाइकली म्हणजे किती? आपण इंजिनिअर, आकडा हवाच. हवामानबदलावर काम करणाऱ्या आयपीसीसीनं २००७ च्या अहवालात तो दिलाय : 'अनलाइकली' म्हणजे शक्यता ३३ टक्क्यांहून कमी, 'व्हेरी अनलाइकली' १० हून कमी, 'एक्स्ट्रीमली' ५ हून, आणि 'एक्सेप्शनली अनलाइकली' १ टक्क्याहून कमी. मेसमध्ये सलग दोन दिवस पनीर मिळणं व्हेरी अनलाइकली. अख्खा जुलै मुळशीत छत्रीशिवाय निघणं एक्सेप्शनली!

'बिलीव्ह'च्या बाबतीत मात्र मराठीच मदतीला येते. 'विश्वासच बसत नाहीये' म्हणजे 'आय कान्ट बिलीव्ह इट'. गोष्ट घडलीय, आपण फक्त थक्क झालोय. 'तुझ्यावर माझा विश्वास नाही' म्हणजे 'आय डोन्ट बिलीव्ह यू', समोरच्याला सरळसरळ खोटं ठरवणं. सिलेक्शनची बातमी देणाऱ्या मॅडमना चुकून दुसरं म्हणू नका.

राहता राहिलं आपलं लाडकं 'येतोय कसला!' त्याला इंग्लिशमध्ये जवळचं म्हणजे 'फॅट चान्स'. 'स्लिम चान्स' म्हणजेही शक्यता कमीच, म्हणजे जाड काय नि बारीक काय, अर्थ जवळपास तोच. फरक इतकाच, की 'फॅट'मध्ये टोमणा आहे. तो रूममेटला मारा, एचआरला नको.