डुकरांच्या कळपातला फ्लू

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला आणि खापर डुकरांवर फुटलं. साथ मात्र माणसंच पसरवत होती. उलट, आपला फ्लू डुकरांना होतो, हे अमरावती-अकोल्यातल्या वराहपालकांनी ध्यानात ठेवावं. आजारी डुक्कर साधारण आठवडाभरात बरं होतं. तरी विषाणू कळपात टिकतो, कारण चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरलं की नव्या पिल्लांना लागण होते. म्हणून काही महिने बाहेरच्या माद्या आणणं बंद ठेवायचं, दूध तुटलेली पिल्लं दूर हलवायची. शेडमध्ये सुती दोर टांगला की डुकरं तो चघळतात; त्या लाळेची पीसीआर तपासणी होते. मोकाट डुकरं आत येणार नाहीत असं कुंपण हवंच. आणि ताप-खोकला असलेल्या गड्याला सरळ सुट्टी द्या.