भाषा लेझरची, व्याकरण एकच!

ऑफिसमध्ये मोबाइल शेवटच्या घटका मोजतोय, शेजारचा कलीग देवासारखा धावून येतो, आणि त्याच्या चार्जरची पिनच वेगळी निघते! यूएसबी-सी आल्यापासून हे टेन्शन बरंच कमी झालंय. पण हाच लोचा अंतराळात झाला तर?

अमेरिकी लष्कराला नेमकी हीच धास्ती आहे. तिथल्या 'स्पेस डेव्हलपमेंट एजन्सी'ने सुमारे हजार किलोमीटर उंचीवर शेकडो सॅटेलाइट्सचं जाळं विणायला घेतलंय. क्षेपणास्त्र सुटल्याची खबर एका सॅटेलाइटने टिपायची, पुढच्याला द्यायची आणि झटपट जमिनीवर पोचवायची, हा सगळा फंडा. रेडिओ लहरी जॅम करता येतात, चोरून ऐकताही येतात. लेझरचा झोत मात्र इतका अरुंद, की त्यात लुडबूड करणं महाकठीण.

मग अडलंय कुठे? सॅटेलाइट्स बनवतायत यॉर्क, लॉकहीड मार्टिन, नॉर्थ्रोप ग्रमनसारख्या वेगवेगळ्या कंपन्या. सगळं काम एकीलाच दिलं, तर कायमचं तिच्याच दावणीला बांधलं जायची भीती. म्हणून एजन्सीने लेझर टर्मिनलसाठी कॉमन स्टँडर्ड काढलं. प्रकाशाची तरंगलांबी कोणती, एकमेकांना शोधायचं कसं, डेटा कसा पाठवायचा, सगळं ठरलेलं. गंमत म्हणजे लष्करी असूनही हे स्टँडर्ड जाहीर आहे, कुणीही वाचावं!

कागदावर सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात? दोन सॅटेलाइट्समध्ये ५,००० किलोमीटर अंतर असेल, तर प्रकाशाला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात समोरचा सव्वाशे मीटर पुढे सटकलेला असतो! म्हणजे तो दिसतोय तिथे नाही, पोचणार आहे तिथे नेम धरायचा.

प्रयोगासाठीचे सॅटेलाइट्स एप्रिल २०२३ पासून वर जाऊ लागले. आपल्या सॅटेलाइटने स्पेसएक्सच्या सॅटेलाइटशी लेझरने संवाद साधल्याचं यॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. दोन कंपन्यांचं सूत जुळलं म्हणायचं! पण पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या ऑडिट संस्थेने, 'जीएओ'ने, कान टोचले: ठरलेल्या चाचण्या पुऱ्या व्हायच्या आत पुढच्या ऑर्डरी कशाला? तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये पुढच्या टप्प्यातले पहिले २१ सॅटेलाइट्स झेपावलेच.

आपली पिन जुळली नाही, तर आपण दुसरा चार्जर मागतो. तिथे पिन जुळली नाही, तर क्षेपणास्त्राची खबरच अडकून पडेल. आणि क्षेपणास्त्र काही थांबत नाही, बरं का!