बंब येईपर्यंत

अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील मिरजगांवासारख्या ठिकाणीं कडब्याची गंजी पेटली, तर वर्दी दिल्यापासून बंब येईपर्यंतची घटका गांवकऱ्यांचीच असते. वारा ज्या बाजूस वाहतो, त्या बाजूची गंजी आधीं भिजवावी. पाण्यानें वरच्या ज्वाळा मावळतात. आंतील निखारा मात्र धुमसतच राहतो. म्हणून ज्वाळा मंदावतांच पेंढ्या उपसून विखुराव्या लागतात. जळत्या तेलावर पाणी ओतूं नये. तेथें मातीच उपयोगी.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबई गोदींतील स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जण कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशीं गांवोगांवीं दोन गंज्यांमधील अंतर जरी वाढविलें गेलें, तरी त्या स्मरणाचें सार्थक होईल.